बारा पेरांची शांतता

९ जाने., तिरोडा
दादाचा मुंबईहून फोन. कुलपाचं नाटक पुन्हा उभं राहतंय. त्याच्या जोडीला टीव्ही मालिकेतल्या एक मॅडम, पहिला प्रयोग गोंदियात. तरुणपणी याच नाटकाने त्याला मोठा नट केलं. म्हणाला, "बेबे, प्रॉम्प्टिंगले तूच पायजेस." झाडीपट्टीच्या नाटकांत स्टेजपुढच्या खड्ड्यात बसून नटांना वाक्यं पुरवण्यात माझी हयात गेली, आणि आता हा मान! मी म्हटलं, "काऊन, तुमच्या मुंबईत मानसं नाईत?" तर मग हळूच, "मी इसरून राहिलो बेबे. कोणाले सांगू नको."
दिवसभर कशातच लक्ष नाही. वरण करपलं.

१२ जाने.
मॅडम विमानाने बिरसीला उतरल्या, तिथून थेट तालमीला. नाटकात म्हातारं जोडपं घराला कुलूप लावून गावाला निघतं, कुलूप नीट लागलं का बघायला परत येतं, आणि शेवटपर्यंत निघतच नाही. मधे मधे लांबलचक शांतता. आमच्याकडे नट गप्प झाला म्हणजे अडला. मी सवयीने प्रत्येक शांततेत पुढचं वाक्य टाकत गेले. मॅडम म्हणाल्या, "ताई, इथे थांबायचंच असतं हो." सगळे हसले. दादाही हसला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१३ जाने.
सापडलं! नाटकातली शांतता असली की दादा पाठीमागे अंगठ्याने बोटांची पेरं मोजतो. बारा झाली की वाक्य. लहानपणी लपाछपीत राज्य आलं की असाच मोजायचा, लबाड. अंगठा हलला नाही तर समजायचं, विसरला.
आज तीनदा थांबला. तिन्ही वेळा विंगेतून एकेक शब्द सोडला, त्याने उचलला. कुणाला पत्ता नाही.
चहाला मॅडमनी विचारलं, "यांची तब्येत बरी आहे ना?" बरी आहे म्हटलं. खोटं बोलले. त्या बाईचं प्रत्येक वाक्य त्याच्या वाक्यावर टेकलेलं, आणि मी...

१५ जाने. प्रयोग.
हॉल गच्च. पहिला अंक सुरळीत.
दुसऱ्या अंकात तो कुलूप घेऊन उभा राहिला. पुस्तकात इथे शांतता नाहीच. पण अंगठा चालू होता. बारा झाली. पुन्हा पहिल्यापासून. मी शब्द टाकला. मग अख्खं वाक्य, चांगलं मोठ्याने. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. नजरेत ओळख नव्हती. माझा सख्खा भाऊ!
शेवटी मॅडमनी त्याच्या हातातलं कुलूप काढून घेतलं आणि त्याचं वाक्यही स्वतःच म्हणून टाकलं. केवढ्या टाळ्या. मी तोंडात पदर कोंबून रडले.

१६ जाने.
पेपरात फोटोसकट कौतुक, त्याच शांततेचं. अशी शांतता रंगभूमीवर फार दिवसांत पाहिली नाही म्हणे. निर्माते खूश. प्रत्येक प्रयोगात ठेवायची. पुढे नागपूर, मग पुणे.
मॅडमनी तेवढा पेपर बाजूला सारला. निघताना माझा हात धरला. "ताई, नागपूरच्या आधी मला खरं सांगाल?" नंबर दिला. मी मान हलवली, हो की नाही ते मलाच ठाऊक नाही. त्याचा शब्द मोडू? नाटक गेलं तर त्याच्याकडे राहतं काय?

१७ जाने.
दादा माझ्याकडेच आहे. सकाळी पोहे खाल्ले, पेपर वाचला. पुन्हा वाचला. लहान पोरासारखा खूश. मग नाटकाचं पुस्तक आणि पेन्सिल माझ्यापुढे ठेवली.
"बेबे, कोनती जागा होती ते? मले काई आठवत नाई. निशानी करून दे, नागपूरले तशीच करतो."
पान मला पाठ आहे. त्या वाक्यापाशी पेन्सिल नेली आणि परत घेतली. म्हटलं, "पाहून राहिली."
मॅडमना फोनही केलेला नाही. पुस्तक मांडीवर, त्यावर ही वही. तो समोर बसलाय, अंगठा पेरांवर फिरतोय.
"सापडली काय?"
दुसऱ्यांदा विचारलं त्याने.