शिकारीच्या आठवड्यातली मुलाखत

प्रिय इंगेला,

तुझा फोन येऊन गेला, पण मी मुद्दामच उलट फोन केला नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, ही तुझी शाळेपासूनची खोड. म्हणून आज सरळ कागद घेऊन बसले आहे. सप्टेंबर संपेपर्यंत सिग्नेला इथे काम मिळालं नाही, तर तिने आजोबांचं घर सोडून गॉथेनबर्गला तुझ्याकडे यायचं, असं तुम्हा मायलेकींचं ठरलं होतं. तुझी ही मुदत मलाही जड गेली. गावातल्या रिकाम्या पोरांना कामाला लावायचं, हीच तर माझी नगरपालिकेतली नोकरी. आणि माझ्या जिवलग मैत्रिणीची मुलगी दोन वर्षं माझ्या डोळ्यांदेखत रिकामी बसलेली.

पोरगी हुशार आहे, पण मुलाखत म्हटली की तिची दातखीळ बसते. मी घरी बोलावून तालीमसुद्धा घेतली. 'तुला काय चांगलं येतं?' असं विचारलं की म्हणायची, 'विशेष काही नाही गं मावशी.' आपली फुशारकी आपणच मारायची नाही, हे तुझ्या वडिलांनी, आल्बिनकाकांनी, तिच्या मनावर लहानपणापासून बिंबवलेलं. मी तरी तिला कुठल्या तोंडाने बढाया मारायला शिकवणार? मीही त्याच मातीतली.

त्यात आमच्याकडे स्टॉकहोमहून नवा साहेब आलाय, फ्रेड्रिक. गोड मुलगा आहे, पण कामाचा भलताच उरक. त्याने हिल्डिंगला गाठलं. शाळेत तुझ्या वेण्या ओढायचा तोच हिल्डिंग. आता त्याच्याकडे झाडं तोडायची मोठाली यंत्रं आहेत आणि नव्या यंत्रावर बसायला माणूस नाही. मी सुट्टीवर असताना फ्रेड्रिकने सिग्नेची मुलाखत परस्पर ठरवून टाकली, तीही सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी! सिग्नेला नाही म्हणायचा धीर झाला नाही, आणि हिल्डिंगला वाटलं, असा दिवस कुणी खरोखर धरत नसतं, चेष्टा चाललेली दिसते.

त्या सोमवारी मी कामावर हजर झाले तर फ्रेड्रिक टेबलावर दालचिनीचे बन मांडून, लालबुंद होऊन बसलेला. म्हणाला, 'गुनवोर, या पोरांना कामच नकोय. तू उगाच त्यांना पाठीशी घालतेस.' मी म्हटलं, 'अरे, काम देणारा तरी कुठे आलाय?' तेव्हा कुठे दुसरी रिकामी खुर्ची त्याला दिसली. एल्क हरणांची शिकार त्याच दिवशी सुरू झाली होती आणि सगळं गाव जंगलात होतं. त्या आठवड्यात आपल्याकडे दाढ दुखली तरी डॉक्टर सापडत नाही, हे त्याला कोण सांगणार? पण सिग्नेच्या हातात तेवढा एक महिना उरलाय, हे मला काही सुचू देईना. मी बन पिशवीत भरले, फ्रेड्रिकला गाडीत कोंबला आणि जंगल गाठलं.

सगळे शेकोटीभोवती चीज घातलेली कॉफी पीत बसले होते. सिग्ने मान खाली घालून एका कडेला, आणि आल्बिनकाका तिची खरडपट्टी काढताहेत. 'एवढी मोठी मादी मचाणाखालून गेली आणि ही नुसती बघत बसली. डोळा लागला होता का गं बाईसाहेब?' सगळे हसले. सिग्ने हळूच म्हणाली, 'तिचं वासरू मागे होतं, आजोबा.' 'तू बघितलंस?' 'नाही. पण ती सारखी थांबून मागे बघत होती.'

हिल्डिंगने हातातला कप खाली ठेवला. ते वासरू थोड्या वेळाने त्याच्या मचाणासमोरून आईच्या मागावर गेलं होतं आणि हा गडी तोवर एका शब्दानेही बोलला नव्हता. म्हणाला, 'माझी माणसं झाडं तोडण्यात पटाईत आहेत. कुठे थांबायचं ते एकालाही कळत नाही. पुढच्या सोमवारी ये पोरी. आधी शिकाऊ म्हणून, पण पगार देईन.' फ्रेड्रिकने विचारलं, 'आणि मुलाखत?' 'मग आत्ता काय झालं?' सिग्नेने आपल्या गावाकडच्या पद्धतीने गपकन श्वास आत ओढला. फ्रेड्रिकला वाटलं, पोरगी घाबरली. मी म्हटलं, 'अरे बाबा, ती हो म्हणाली.' आल्बिनकाका तेवढ्यातही म्हणालेच, 'काम लागलं म्हणून मचाणावर झोपायची मुभा नाही हं.' पण बोलता बोलता आपली कॉफी त्यांनी तिच्या हातात दिली. मला इतका आनंद झाला की उरलेले बन मीच खाल्ले.

तेव्हापासून ती रोज जाते आहे. संध्याकाळी अंगाला डिझेलचा आणि डिंकाचा वास घेऊन येते, दोन माणसांचं जेवते आणि आजोबांना उलट बोलते. तिला इतकी बोलताना मी कधी पाहिली नव्हती.

हे सगळं खरं म्हणजे तिने तुला सांगायला हवं होतं. पण ती फोन करते तेव्हा तू हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात तिच्या नोकरीसाठी टाकलेल्या शब्दाबद्दल, तिच्यासाठी घेतलेल्या पलंगाबद्दल भरभरून सांगतेस आणि तिची जीभच उचलत नाही. काल माझ्याकडे येऊन रडली. 'आईला वाटेल, मी तिला सोडून आजोबांना निवडलं. मावशी, तूच लिही ना,' म्हणाली. तर मीच सांगते, इंगेला, ती येणार नाही. तुला लागेल हे मला कळतं, आणि त्याचं मला वाईटही वाटतं. पण ख्रिसमसला तू इकडे यावंस, अशी तिची फार इच्छा आहे. आजवर तू आलीस की 'पुढे काय करणार?' हा तुझा प्रश्न चुकवायला ती लाकडं आणायच्या निमित्ताने बाहेर सटकायची. या वेळी तू तो कधी विचारतेस, याची ती वाट बघते आहे.

तुझीच,
गुनवोर