कळकाची नळी

ती. दादा यांस,

रहिमतपूरहून धाकट्या नाथाजीचा नमस्कार. घेतलात तर पावला, नाहीतर कागदावरच राहू द्या.

या दोन हातांनी मी आजवर काय काय केलं ते आधी लिहितो, कारण पुढं त्याचा उपयोग आहे. बोअरच्या मोटरीचा स्टार्टर, जो मोबाइलवरून चालू होतो आणि बंदही होतो (बंद होणं तिसऱ्या वर्षी जमलं). जुन्या स्कूटरच्या इंजिनावर चालणारं पाचटाची कुट्टी करायचं यंत्र. आईचा गुडघा वाकत नव्हता तेव्हा तिच्यासाठी साडेसात इंच उंचीचा पाट. देवळातल्या घंटेचा आतला टोला. सहा चुली, पैकी चार बिनधुराच्या. वाफेवर शेंगा उकडायचा डबा. आणि यंदाच्या जत्रेला, एकही बकरं न कापता, चौदा तुकडे आणि दोन नळ्या मटण. यातली एकही गोष्ट मी कुणाकडं शिकलो नाही. शेवटच्या वस्तूवरून तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलंय, म्हणून हे पत्र.

तुमचा डावा गुडघा, वहिनींचं बीपी आणि फलटणचं ऊन कसं आहे? आमच्याकडं सगळं ठीक. फोन तुम्ही उचलत नाही. तेवीस दिवसांत एकतीस वेळा लावला, त्यातले दोन वहिनींनी उचलले. दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "आवं भावजी, ह्यांनी अकरा दिवस नुसत्या दूध-केळ्यावर काढलं. बुवांकडं बी जात न्हाईत. बाटलेल्या तोंडानं कसा जाऊ म्हणत्यात." ते ऐकल्यापासून मलाही घास गोड लागत नाही. म्हणून झालेलं सगळं, एक बोल्टसुद्धा न वगळता, लिहून काढतो.

सुरुवात सांगलीला झाली. मोटरीचं बेअरिंग आणायला गेलो होतो, तर विश्रामबागेत एक नैसर्गिक अन्नाचं दुकान दिसलं. दाराशी चपला काढायला लावतात, त्यामुळं मी आधी देऊळ समजून हात जोडले. आत खपली गहू, हातसडीचा तांदूळ, लाकडी घाण्याचं तेल, नाचणीच्या शेवया, जवसाची चटणी. म्हणजे लहानपणी दुसरं काही नव्हतं म्हणून आपण जे खाल्लं, ते सगळं काचेच्या बरण्यांत. जी घोळीची भाजी आपण भांगलून बांधावर फेकायचो, ती पाव किलो साठ रुपये. गोवऱ्यासुद्धा होत्या, डझनावर, रिबीन बांधलेल्या (एकही नीट गोल नव्हती, आईनं असल्या थापल्या असत्या तर आजीनं पुन्हा थापायला लावल्या असत्या). कोपऱ्यातल्या थंड कपाटात मात्र निराळाच संसार. दुधाशिवायचं पनीर, अंड्याशिवायचं अंडं, कोंबडीशिवायची कोंबडी आणि खाली बर्फात गोठलेलं शाकाहारी मटण. दुकान चालवणाऱ्या भार्गवीताई म्हणून एक हुशार बाई आहेत. मी पाकिटावरचे घटक मोजत होतो (बावीस, त्यातल्या सातांची नावं मला उच्चारता आली नाहीत) तेव्हा त्या म्हणाल्या, "काका, हे खाल्लं की मटणाची आठवणसुद्धा येत नाही." घरी आणून शिजवलं. बाईंचं म्हणणं खरं निघालं. मटणाची आठवण आली नाही. पंपाच्या जुन्या वॉशरची आली.

पण मला तुमची आठवण आली. आईचं दहावं झाल्यावर तुम्ही बुवांच्या हातून माळ घातलीत आणि मटण सोडलंत, त्याला यंदा अकरा वर्षं झाली. त्याआधी जत्रेच्या पंगतीला आपण दोघं एका ताटात जेवायचो. तुम्ही पलटणीतून सुट्टी काढून यायचा ती जत्रेसाठीच. नळी तुमची, हा नियम. तुम्ही ती ताटाच्या काठावर दोनदा आपटायचा आणि बाहेर आलेला अर्धा गर माझ्या भाकरीवर ठेवायचा. माळ घातल्यापासून तुम्ही टोकाला, पाण्याच्या पिंपाजवळ, चार माळकऱ्यांच्या ओळीत बसता, निराळ्या पातेल्यातली भाजी-भाकरी आणि शेवयाची खीर खाता आणि लोक रश्श्याला हात घालायच्या आत उठून जाता. अकरा जत्रा मी तुमची पाठ बघतोय. तुमच्या माळेबद्दल माझं काही म्हणणं नाही, पाठीबद्दल आहे.

तर प्रयोग सुरू केले. वहीत अकरा नोंदी आहेत, तारखेसह. सोयाबीनच्या वड्या पहिल्याच फेरीत बाद. मग मला शोध लागला की मैद्याची कणीक घट्ट मळून, भिजवून, पाण्याखाली धूत राहिलं की पांढरं सगळं वाहून जातं आणि हातात रबरासारखा गोळा उरतो. तोच शिजवला की मांसासारखा चावा येतो (मागाहून कळलं की चिनी लोकांनी हे फार पूर्वीच शोधलंय, पण त्यांनी मला कळवलं नव्हतं). त्यात धाग्यांसाठी उकडलेला कच्चा फणस, रंगाला बीट, चरबीच्या जागी खोबऱ्याची दाट साय. मसाला आपलाच, घरचा कांदा-लसणाचा. सहाव्या प्रयोगाचा तुकडा दारातल्या कुत्र्यानं हुंगून तोंड फिरवलं. बोचलं मला ते. मग लक्षात आलं, वाण हाडाची आहे. म्हणून ओढ्याकाठच्या बांबूच्या बेटातला बोटाएवढा कळक आणला, दोन-दोन इंचांचे तुकडे कापले, चुन्याच्या निवळीत ठेवले, तीन पाण्यांत उकळले, काचकागदानं घासून कडा गोल केल्या आणि आत काजू, खसखस, शिंगाड्याचं पीठ आणि लोणी यांचा गर भरला. अकरावा प्रयोग कुत्र्यानं तोंडात धरून नेला आणि उकिरड्यात पुरला. त्या दिवशी मी वहीत "पास" असं लिहिलं.

जत्रेदिवशी तुमचं पातेलं निराळं होतं, पळी निराळी, चूल निराळी, तीही मटणाच्या चुलीपासून बावीस पावलं लांब आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला. झाकणाला कुलूप होतं, किल्ली माझ्या करगोट्याला. तुमच्या भावजयीनं, रेश्मानं, सकाळपासून तीनदा बजावलं होतं, "आधी सांगा त्यास्नी. तुमची हुईल परीक्षा आन् थोरल्या भावजींचा जाईल जीव." मीही सांगणारच होतो. तुम्ही ओळीत बसलात, मी तुमच्या शेजारी बसलो, वाढलं आणि सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात हलगी सुरू झाली आणि माझं बोलणं तुम्हाला ऐकू गेलं नाही.

दरवर्षी निराळ्या पातेल्यातलं येतं तेच हे, असं समजून तुम्ही जेवू लागलात. पहिला घास गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला तुमच्या हाती नळी आली आणि दादा, तुम्ही काही विचार केला नाहीत. अकरा वर्षं मध्ये नव्हतीच जणू. तुम्ही ती ताटाच्या काठावर दोनदा आपटलीत, डोळे मिटून ओढलीत आणि डोळे मिटलेलेच ठेवून उरलेला गर माझ्या भाकरीवर ठेवलात. तो क्षण मी आयुष्यात विसरणार नाही. मग तुम्ही डोळे उघडले. तो क्षण मी विसरायला बघतोय.

"नाथा, ह्ये काय घातलंस रं माझ्या ताटात?"

"दादा, गहू हाय."

"गव्हाला नळी असती व्हय रं?"

मी कृती सांगू लागलो. तुम्ही म्हणालात, सतरा वर्षं पलटणीच्या लंगरात मटण खाल्लंय, मला मटण शिकवतोस? मी फणस म्हणालो, तुम्ही आणखी भडकलात. शेवटी मी साक्षीला ज्ञानूतात्यांना बोलावलं, ही माझी मोठी चूक. साठ वर्षं एकही जत्रा न चुकवलेल्या माणसानं तुमच्या ताटातला तुकडा उचलला, सावकाश चावला, बोट चाटलं आणि निकाल दिला, "मानसिंगा, बकरंच हाय. आन् कवळं हाय." तुम्ही गळ्यातली माळ काढायला गेलात ती हिसक्यानं तुटली. हाताला लागले तेवढे मणी तुळशीपुढं ठेवलेत आणि चारच्या एसटीनं फलटणला गेलात. (एक गोष्ट इथं कबूल करतो. तुम्ही माळ काढत होतात, माझ्या पोटात खड्डा पडला होता आणि त्याच पोटात खड्ड्याशेजारी एक बारकी गुदगुली होत होती, की तात्यांनासुद्धा ओळखू आलं नाही. माणसाच्या पोटात एवढी जागा असते हे मला माहीत नव्हतं.)

तेव्हापासून विचार करतोय. त्या दुकानातल्या थंड कपाटात जे काही आहे ते सगळं, ज्यांनी काहीतरी सोडलंय पण त्यांना ते सोडवत नाहीये, अशांसाठी आहे. त्यात वाईट काही नाही. पण तुम्ही त्या गिऱ्हाइकांतले नव्हतात. अकरा वर्षांत तुम्ही एकदाही रश्श्याच्या पातेल्याकडं मान वळवून बघितलं नाहीत. मी बघत होतो, म्हणून खात्रीनं सांगतो. मटण तुम्ही कधीच सोडलं होतं. सोडवत मला नव्हतं, आणि तेही मटण नव्हे. सतरा गोष्टी दुरुस्त करणाऱ्याला वाटतं, जगात जे अडलंय ते कुठलातरी भाग नाही म्हणून अडलंय. तो भाग बनवून बसवला की चालू. माझी अक्कल तिथंच अडकली.

तुमची माळ शाबूत आहे, दादा. तुम्ही गहू आणि फणस खाल्लात. एवढं मानावं, दूध-केळी बंद करून भाकरी खावी आणि बुवांकडं ताठ मानेनं जावं. वहिनींना नमस्कार.

आपला
नाथाजी

ता. क. पाकिटात दुसरी नळी घातली आहे, कोरडी, स्वच्छ धुतलेली. सुरीचं पातं वरच्या तोंडावर उभं ठेवा आणि ठोका. हाड असं सरळ उभं चिरत नाही, कळक चिरतो. माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही, सुरीवर ठेवा.

ता. क. २. हलगीचं वर लिहिलंय ते खोटं आहे. हलगी तुम्ही आचवल्यावर सुरू झाली. मी सांगायला तोंड उघडलंच नव्हतं. आधी सांगितलं असतं तर तुम्ही माझं मन राखायला "लय झ्याक झालंय" म्हणाला असता, आणि मला मन राखलेलं नको होतं, निकाल हवा होता. मी फक्त "जेवा" म्हणालो. पत्र पुन्हा लिहून काढता आलं असतं, पण खोडाखोड न करता चूक दिसेल अशी ठेवायची, ही माझ्या वहीची पद्धत आहे.

ता. क. ३. माळ मी ओवून ठेवली आहे. मांडव उचलल्यावर जागा चाळणीनं चाळली. तुळशीपुढचे धरून एकशे सात मणी सापडले, एक नाही. तो आईच्या वृंदावनातल्या वाळलेल्या तुळशीच्या खोडाचा केला आहे. मेरूमण्यापासून डावीकडं नववा. या वेळी आधीच सांगतोय. येत्या द्वादशीला, एकादशीचा उपास सोडायला, घरी यावं, माळ पुन्हा घालायला बुवांना मी बोलावतो. ओळीत तुमच्या शेजारी बसेन, खीरच खाईन, तुम्ही उठाल तेव्हा उठेन. खरं म्हणजे एवढं विचारायलाच पत्र लिहायला बसलो होतो.

ता. क. ४. ही हकीकत सांगलीला कशी पोचली कोण जाणे (मी सांगितली), पण भार्गवीताई गेल्या मंगळवारी गाडी करून घरी आल्या. नळीसकट कृती विकत मागितली. अट एकच: पाकिटावर तुमचा माळेसह फोटो आणि खाली "माळकऱ्यालाही ओळखू आलं नाही" ही ओळ. साडेतीन लाख रुपये. मी विचारलं, फोटो आणि ओळ काढली तर किती? त्या जरा हिशेब करून म्हणाल्या, चाळीस हजार. म्हणजे अकरा प्रयोगांचे चाळीस हजार आणि तुमचे तीन लाख दहा हजार. भाव मला बरोबर वाटला. चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं, साडेतीन लाखांना.