रीनाची सही

नागपूर,
१२ जानेवारी २०२५

प्रिय रीना,

धानाची मळणी आटोपली असन. बाळीची सर्दी उतरली का? आईचा गुडघा कसा आहे? इथी माझं बरं सुरू आहे, असं लिहिणार होती. पण तसं नाई.

परवा फोनवर तू हसत सांगितलंस, बाळी रडली की आई म्हणते, "नाळ परक्या गावात राह्यली, म्हणून रडते." अन् तू तिले म्हणालीस, "दवाखान्यात देतच नाईत. ताई खोटं कायले बोलन?"

रीना, ताई खोटं बोलली.

इथी तुझी डिलिव्हरी झाली तेव्हा आई घरून, कुरखेड्याहून आणलेला रिकामा डबा घेऊन वॉर्डाबाहेर उभी होती. "नाळ अंगणात पुराची हाये, मांगून दे ना." मी तिले नियमाचं कारण सांगितलं. नाळ तेव्हा माझ्या पिशवीत, बर्फात होती. नाळ संशोधनाले देण्याच्या संमतीच्या कागदावर तुझी सही मीच केली. तू झोपली होतीस, हे खरं. पण उठवलं तर तू नाई म्हणशील, याचंच मले भेव होतं.

नाळेच्या शिरेला आतून पेशींचं पातळ अस्तर असतं. आपल्या साऱ्या रक्तवाहिन्यांत असतं. त्या पेशी स्वतःतलं आम्ल कसं आटोक्यात ठेवतात, हेच मी प्रयोगशाळेत शोधून राह्यली. आधी दोन महिने दुसऱ्या नाळांतल्या पेशी मरत गेल्या. तुझ्या नाळेतल्या जगल्या. आम्ल वाढवलं, तशी आम्ल मोजायले आत घातलेल्या रंगाची चमक मंदावली. मग त्यांनी सोडियम आत घेतलं, आम्ल बाहेर टाकलं, अन् दहा मिनिटांत चमक परत आली. मी एकटीच टाळ्या वाजवत बसली. पुढं सगळ्यांसमोर निकाल मांडताना "मातेच्या संमतीनं" म्हणायची वेळ आली. सही कोणाची, हे मले माहीत होतं. तरी म्हटलं.

तुझ्या फोननंतर माझ्या गाइड मॅडमपाशी सारं कबूल केलं. त्या म्हणाल्या, "साधना, माझ्याआधी बहिणीला सांगायला हवं होतं." ते सारे आकडे आता बाद झाले. काम थांबलं आहे, चौकशी होईल. ते मी भोगीन.

उरलेल्या पेशी गोठवून ठेवल्या आहेत. त्यांचं काय करायचं, हे तू सांगायचं. नष्ट करा म्हटलंस तर त्याच दिवशी करतील. आईले सांगायचं काम मात्र तुझ्यावर टाकत नाई. येत्या रविवारी येऊन मीच तिच्यासमोर बोलीन. तू घरात घेतलंस तर घरात, नाईतर दारात.

खाली 'तुझी ताई' लिहायले हात धजत नाई.

साधना