अडखळून वाच

४ फेब्रुवारी १९५६, शनिवार

नाही, तू मध्ये बोलू नकोस! वही आहेस, वहीसारखी पडून राहा. तू काय म्हणणार ते ठाऊक आहे मला — बी. ए. होऊन घरात बसलायस, निदान बहिणीसाठी तरी तोंड उघड. उघडलं! आज जेवताना उघडलं. 'आबा, कुंदीला सातवीच्या फायनलला बसू द्या. पास झाली तर पुढं धुळ्याला ट्रेनिंग करेल, मास्तरीण होईल.' आबांनी भाकरी कुस्करली. 'पोरीले फायनल कसाले? पत्र वाचता येतं, झालं बठ्ठं.' हात धुतला आणि केळीच्या बागेत निघून गेले.

सातवीत मुली तिघी. शनिवारी त्या वर्ग सारवतात, तेव्हा मुलं तोंडी हिशेब करतात. कुंदी शेणाच्या हातानं दारातून ऐकते. तरी पहिला नंबर तिचाच.

मी इंटरला दोनदा बसलो. दोन्ही वर्षी आईनं जळगावला लाडू पाठवले होते.

७ फेब्रुवारी

मुंबईच्या मासिकाकडून माझी गोष्ट परत. 'यात काही घडत नाही.' घडायलाच पाहिजे का?

९ फेब्रुवारी

घडतंय. रविवारी नशिराबादचे पाहुणे येणार, कुंदीला बघायला. तिला पंधरावं लागलंय. मुलगा शालिग्राम — घरच्या केळी, बारमाही विहीर, चौथी नापास.

आई चुलीपाशी तिला पढवत होती. 'ते वाचायले देतीन. अडखळून वाचजो, माय. दोन-तीन जागी अटकजो. पोऱ्यापेक्षा पोरगी हुशार दिसली तं कोन करीन तिले?'

कुंदी म्हणाली, 'येतं ते येत नाही असं कसं करू?'

'जमतं. सवयीनं जमतं.'

हे मी आईसमोरच बसून उतरवतोय. तिला अक्षर येत नाही, त्यामुळं वही उघडी टाकून उठलो तरी चिंता नाही. केर काढताना ती वही उचलते, खालची धूळ पुसते, तेच पान उघडं ठेवून परत मांडते.

११ फेब्रुवारी

कुंदीला विहिरीवर गाठलं. म्हटलं, 'अजिबात अडखळू नकोस. धडाधड वाच. घाबरतील ते. सोयरीक मोडेल, तुझी परीक्षा होईल.'

ती बघतच राहिली. 'आणि आबा?'

'आबांचं मी बघतो.'

किती सहज म्हणालो! खूष आहे मी. यातून गोष्ट होईल.

१२ फेब्रुवारी, रविवार

पाच पुरुष आले, बाई एकही नाही. चालून दाखव. सुईत दोरा ओव. मग मुलाच्या मामांनी खिशातून वर्तमानपत्र काढलं — 'हे वाच बरं.'

राज्यपुनर्रचनेची बातमी. तोंडात न मावणारी जोडाक्षरं. कुंदीनं वाचलं — असं वाचलं! मामा 'बस, बस' म्हणाले तरी थांबली नाही, रकाना संपवूनच पेपर घडी केला. शालिग्राम दारातल्या चपलांकडं बघत होता. त्याचं वाईट वाटलं. त्याला तरी कोणी विचारलं होतं?

आई दाराआड उभी. तिचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असेल.

मामा उठताना हसले. 'जीवरामभाऊ, पोरगी चांगली हाये. पन आमच्या पोऱ्यालेच शायेत बसवीन ती!' चहा अर्धा ठेवून गेले.

१३ फेब्रुवारी

सोयरीक मोडली. शाळाही! 'शायेनंच नाक कापलं माह्यं,' आबा म्हणाले. कुंदीचं दप्तर माळ्यावर फेकलं. 'उद्यापासून बागेत.'

त्यांना वाटतं पोरगी माजली. भावानं सांगितलं म्हणून वाचलं, हे ती बोलली नाही. मीही बोललो नाही. 'आबांचं मी बघतो' म्हणणारा मी तिथंच रांजणापाशी पाणी पीत उभा होतो.

१८ फेब्रुवारी

शाळेतले तोताराम मास्तर कुंदीच्या फायनलचा फॉर्म देऊन गेले. बिचारे मनापासून हळहळले. 'पंचवीस तारखेला एदलाबादला पोचला पाहिजे. पालकाची सही हवी.'

'माझी चालेल?'

'भावाची नाही चालत. बाप नाहीतर आई. आणि अंगठा नाही चालत.'

आबा त्या कागदाला हात लावणार नाहीत. आणि आईला सही कुठली? फॉर्म या वहीत घालून ठेवलाय.

२१ फेब्रुवारी

बागेत गेलो. कुंदी वाळकी पानं कापत होती. हातांवर केळीच्या चिकाचे काळे डाग. मान वर न करता म्हणाली, 'भाऊ, तू इंटरला दोनदा बसलास. मले एकदा तं बसू दे.'

घरी येऊन गोष्ट लिहायला घेतली. तिचं वाक्य जसंच्या तसं घातलं. फार छान बसलं.

मग ते पान फाडलं.

२४ फेब्रुवारी

आज आबांना सगळं सांगायचंच, असं ठरवून दोनदा बांधापर्यंत गेलो. आबा म्हणाले, 'काय रे?' म्हटलं, 'काही नाही.'

उद्या शेवटची तारीख. मी भित्रा आहे. हे वाक्यही उघडंच टाकून उठतो. वाचणार कोण!

२५ फेब्रुवारी, मोटारीत

सकाळी वहीतला फॉर्म वर काढलेला होता. पालकाची सही — बेबाबाई जीवराम. शाई माझ्याच पेनातली. अक्षर वळणदार, एका दमात लिहिलेलं. आणि वहीत अकरा तारखेच्या पानावर पिठाचं बोट उमटलेलं.

चुलीपाशी गेलो. आई भाकरी थापत होती. मागं वळली नाही. 'मी तिसरं बुक शिकेल हाये. तुह्ये आबा बघायले आले तवा मी वाचताना अडखळले व्हते. मंग अठ्ठावीस वर्ष तशीच ऱ्हायले.' भाकरी तव्यावर टाकली. 'जाय आता. मोटार सातले हाये. आन् बागेवरून जाताना सांगजो त्याहीले, सही माही हाये म्हणून.'

आबा बांधावर होते. म्हटलं, 'आबा, कुंदीला वाचायला मीच सांगितलं होतं. आणि फॉर्मवर आईनं सही केलीय. अंगठा नाही, सही.'

आबांनी तोंड उघडलं. मोटार आली होती. मी थांबलो नाही.