बर्फाचे पाते, दोन फर्लांग रेती

मी, अजीज हुसेन परकार, वय अंदाजे बावन्न, मूळ राहणार दाभोळ, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी, हल्ली मुक्काम उम्म अल कुवैन, धंदा मोटार दुरुस्ती, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. तब्येत ठीक आहे, डोके ठिकाणावर आहे आणि शेजारी बसून कोणी मला सांगत नाही. यंदा इन्शाल्ला हजला जायचा इरादा आहे, इथल्या लोकांबरोबर लॉरीने. निघण्याआधी माणसाने ज्याचे वाईट केले त्याची माफी मागावी आणि मागची व्यवस्था लिहून ठेवावी, अशी आपल्यात रीत आहे. म्हणून लिहितो. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. दाभोळचे घर आणि मागची नारळाची आठ झाडे माझी पत्नी जुलेखा व मुलगा मोहिद्दीन यांना शरियतप्रमाणे मिळतील. हिस्से ठरलेले आहेत, त्यात माझ्या मर्जीचा प्रश्न नाही, आणि ते बरे आहे. मोहिद्दीनने आईला मुंबईला नेण्याचा आग्रह करू नये. तिला तिथे करमत नाही. ती सांगणार नाही, म्हणून मी सांगतो.

२. एक तृतीयांशापर्यंत माणूस वारसांबाहेर देऊ शकतो. माझ्या वर्कशॉपमधले सामान त्याहून कमीच भरेल. त्याची वाटणी पुढे केली आहे.

३. वेल्डिंगचे सामान व हत्यारे लॉरीवाल्या हमदुल्लाला द्यावीत. त्यात मोठा पाना सापडणार नाही. तो १९६३ साली हर्णैचा जमाल घेऊन गेला आणि माझाच आहे म्हणतो. तो त्याच्याकडेच राहावा. मात्र पाना अजीजचा होता, हे त्याने एकदा चार माणसांत कबूल करावे.

४. ट्रॅक्टर व त्याचे पाते. ट्रॅक्टर छोटा, करड्या रंगाचा, दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीचा आहे. तेल शोधायला आलेल्या इंग्रजांनी तो बिघडला म्हणून टाकून दिला होता. पाते त्याहून जुने, त्यावर १९२६ साल ओतलेले आहे. ते थंड मुलखातले, रस्त्यावरचा बर्फ ढकलण्यासाठी केलेले. माझे थोरले भाऊ खैरुद्दीन, ज्यांना मी भाई म्हणत असे, त्यांनी ते शारजाच्या एका लिलावातून आणले. त्यांना खरे तर जनरेटर हवा होता, पण लिलाववाला ढीग मोडून द्यायला तयार नव्हता. महिनाभर बाजारात लोक आम्हाला विचारत होते, बर्फ कधी पडणार.

भाईंना ते ट्रॅक्टरला बसवायचे होते. शारजाच्या वाटेवर, गावापासून अडीच मैलांवर, दोन टेकड्यांमध्ये दोन फर्लांगांचा सखल तुकडा आहे. शमाल वारा सुटला की तो रेतीने भरतो. मी म्हणालो, बर्फ हलका असतो, रेती या पात्याला ऐकणार नाही. भाई म्हणाले, "अरे अजीज, लोखंडाला काय ठाऊक, पुढे बर्फ आहे का रेती?"

मी हसलो. वेल्डिंग मला येत होते, भाईंना नाही. पुढच्या आठवड्यात बघू, असे म्हणत मी सात महिने काढले. पाते अंगणात भिंतीला टेकून होते आणि शेजारच्या शेळ्या त्याच्या सावलीला बसत.

१९६५ च्या मे महिन्यात तीन दिवस शमाल सुटला. चौथ्या दिवशी पहाटे भाईंच्या पोटात उजवीकडे कळ आली. हमदुल्लाच्या लॉरीतून दुबईच्या दवाखान्याकडे निघालो. लॉरी त्या दोन फर्लांगांत रुतली. चाकांखाली फळ्या घातल्या, हातांनी रेती उपसली. साडेसहा तास गेले. भाई मागे ताडपत्रीखाली होते. एकदा त्यांनी मला हाक मारून पाणी मागितले. पात्याचे नाव काढले नाही. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, यांना सकाळी आणायला हवे होते. आम्ही सकाळीच निघालो होतो.

भाई दुसऱ्या दिवशी गेले. मय्यत त्याच वाटेने परत आणली. तोवर वारा थांबला होता.

भाईंचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी पाते भिंतीपासून ओढले. मागच्या बाजूला भाईंच्या हातच्या लाल रंगाच्या खुणा होत्या. भोकांच्या चार फुल्या, पाते ट्रॅक्टरला जोडायचा डावा दांडा चौदा इंच, उजवा बावीस, आणि खाली लिहिले होते, 'अजीजला विचारून भोके पाडणे.'

दोन दांड्यांची दोन मापे पाहून मला वाटले, भाईंची चूक झाली. मी दोन्ही बावीस धरले आणि पाते सरळ बसवले. रेती पुढ्यात साचत गेली, आणि ट्रॅक्टर मागची चाके फिरवत स्वतःच्याच खड्ड्यात बसला. मग दांडे भाईंच्या मापाने कापले. पाते तिरके झाले आणि रेती वाऱ्याच्या पलीकडच्या अंगाला आपोआप सरकू लागली. पाते खाली घुसू नये म्हणून लॉरीच्या कमानीचे दोन पाटे मी त्याच्या तळाला जोडले, आणि मागची चाके जागच्या जागी फिरू नयेत म्हणून मागे दगडांनी भरलेले पिंप बांधले. एवढे माझे. बाकी सगळे भाईंचे. लोक त्याला अजीजचे पाते म्हणतात, ते बरोबर नाही.

तेव्हापासून प्रत्येक शमालनंतर मी तो तुकडा साफ करतो. एका बाळंतिणीसह अकरा आजारी माणसे वेळेत गेल्याचे मोजले होते. पुढे मोजणे सोडून दिले.

हा ट्रॅक्टर व पाते भाईंच्या पत्नी, माझ्या भाबी मरियमबी, यांना द्यावे.

५. त्या दिवशी हमदुल्लाने लॉरी रेतीत घातली, असे लोक बोलत होते. मी ते बोलू दिले. दोन महिने मी त्याच्याशी बोललोही नाही. लॉरी त्याने नीट चालवली होती. मी हमदुल्लाची माफी मागतो.

६. भाबी, तुम्हाला मी तेव्हा पत्रात लिहिले होते की वारा होता, अल्लाची मर्जी. ते खोटे नव्हते, पण पुरते नव्हते. पात्याचे मी लिहिले नाही. आता वर लिहिले आहे. या कागदाची नक्कल जमाल बोटीने घेऊन येत आहे, तो तुम्हाला वाचून दाखवील. तुम्ही माफ केले तर मी हजला जाईन. तुमचा जबाब आला नाही, किंवा तुमचे मन झाले नाही, तर मी यंदा जाणार नाही. लॉरीतली माझी जागा हसनमियांना द्यावी. तुमच्यावर कोणी जोर करू नये.

७. मी जिथे मरेन तिथेच मला दफन करावे.

हे सर्व मी समजून लिहिले असून खाली सही केली आहे.

अजीज हुसेन परकार
साक्षीदार: १) हसनमियां दळवी २) हमदुल्ला मुकादम
उम्म अल कुवैन, ता. ८ डिसेंबर १९६७

पुरवणी

हमदुल्लाने सही करण्याआधी पाचवे कलम दोनदा वाचले. "एवढंच होतं?" म्हणाला आणि पेन मागितले.

जमाल काल परत आला. तिसरे कलम त्याला स्वतःच्या तोंडाने भाबींपुढे वाचावे लागले, तेव्हा ओटीवर शेजारपाजारचे लोक होते. पाना त्याने माझ्या बाकावर आणून ठेवला आणि चहा घेतला नाही. पान्याचा मजकूर रद्द समजावा.

भाबींनी मुलगी खैरुन्निसा हिच्याकडून लिहवून घेतलेले पत्र त्याने आणले. त्यातला मजकूर असा:

"अजीज, तू हसलास ते तुझ्या भाईंनी मला तेव्हाच लिहिलं होतं. त्यांना स्वतःलाही हसू आलं, असंही लिहिलं होतं. सात महिने तू टाळलंस, ते मी माफ केलं. मला लिहिलं नाहीस, त्याचा राग जायला वेळ लागेल, पण तो तुझ्या हजच्या आड येणार नाही. जा. ट्रॅक्टर दाभोळला आणून मी काय करू, नारळांत फिरवू? तो तिथेच राहू दे. मला एवढंच कळव, कबरस्तानापर्यंत वाट आहे का? मला एकदा यायचं आहे, आणि माझे गुडघे रेतीत चालत नाहीत."

वाट नव्हती. कबरस्तानाचा फाटा शारजाच्या वाटेलाच फुटतो. अडीच वर्षे दर वेळी मी तिथे पाते उचलले आणि पुढे गेलो.

आज जुम्म्याच्या नमाजानंतर तो फाटा साफ केला. शेवटचे वीस हात ट्रॅक्टर बंद ठेवून फावड्याने केले. भाईंच्या डोक्याकडचा दगड वीतभरच वर राहिला होता. आता पूर्ण दिसतो. भाबींना उत्तर टाकले आहे की वाट आहे.

म्हणून चौथ्या कलमात बदल करतो. ट्रॅक्टर व पाते हमदुल्लाला द्यावे. त्याने ते विकू नये. मोहिद्दीनने भंगारवाल्याचे नाव पुन्हा काढू नये. प्रत्येक शमालनंतर आधी दोन फर्लांगांचा तुकडा आणि त्याच दिवशी कबरस्तानाचा फाटा साफ करावा, भाबी येवोत न येवोत. रेती एकाच अंगाला पडते, म्हणून परतताना पाते उचलून यावे.

डावा दांडा चौदा इंच, उजवा बावीस. ही चूक आहे असे वाटून कोणी ते सारखे करू नयेत.

अजीज हुसेन परकार
साक्षीदार: १) हसनमियां दळवी २) जमाल काझी (हमदुल्लाला आता ट्रॅक्टर मिळत असल्याने त्याच्या जागी; हत्यारांच्या वेळी हे माझ्या ध्यानात आले नव्हते)
उम्म अल कुवैन, शुक्रवार, ता. ९ फेब्रुवारी १९६८