बुधवारचा मलिदा

दिमोना,
रविवार, ४ जून २०२३

मेनाशेदादास, मिल्काचा शालोम.

दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या सख्ख्या भावाला पत्र लिहायची वेळ यावी, यातच सगळं आलं. पण तू फोन उचलत नाहीस, आणि दारात आले की एस्तेरवहिनी म्हणते, "ते प्रार्थनेला गेलेत." सकाळी अकरा वाजता कसली रे प्रार्थना? असो. वहिनीच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे ऐकून बरं वाटलं. थेंब वेळेवर घालत जा, तिला स्वतःला जमत नाहीत. माझी साखर आटोक्यात आहे. अंगणातल्या लिंबाला यंदा मोहोर भरपूर आला होता, वाळूच्या वाऱ्याने निम्मा झडला. झाली खुशाली.

मराठीत लिहिते आहे, हसू नकोस. आईने पाटीवर गिरवून घेतलेली अक्षरं आहेत, वेलांट्या चुकतील. पण हिब्रूत तुझ्याशी बोलायला गेलं की तू लगेच तोरेतलं वचन काढतोस. मराठीत तुझ्याकडे वचनं नाहीत. मराठीत तुझ्याकडे फक्त आईचं बोलणं आहे, तेवढंच वापरून मला उत्तर दे.

बुधवारी संध्याकाळी सहाला माझ्या घरी मलिदा आहे. गुरुवारी माझ्या ओरलीचं लग्न. हे तुला ठाऊक आहे, कारण तू सॉलोमनकाकांपासून सगळ्यांना, जाऊ नका म्हणून, फोन केलेस. आधी मला कुणी काही सांगितलं नाही. मी आमंत्रणाला गेले तर एकजात सगळ्यांचे गुडघे दुखायला लागले. एकाचा दुखला असता तर मी तेल पाठवलं असतं. आठ माणसांचे गुडघे एकाच दिवशी धरतात होय? सॉलोमनकाका तर उठून मला फाटकापर्यंत सोडायला आले, ताडताड चालत. फाटकाशी म्हणाले, "पोरी, मी आलो असतो. पण मेनाशे म्हणतो, तोरेच्या विरुद्ध आहे. त्याच्या पुढे आपण काय बोलणार?"

तू महिन्यापूर्वी माझ्याशी एकदाच नीट बोललास, ते मी विसरले नाही. तू म्हणालास, "मिल्का, ओरलीवर माझा राग नाही. मी तिला खांद्यावर घेऊन फिरलोय. पण लिहिलंय ते लिहिलंय. मी पुसणारा कोण?" दादा, पुसायला कोण सांगतंय? मी तुला लग्न लावायला बोलावलंच नाही. लग्नाचा कागद दोघी पोरींनी परदेशात जाऊन केला आहे, लग्नाच्या छताखाली उभं करायला त्यांचे मित्र आहेत. मी तुला मलिद्याला, पोह्यांच्या ताटासमोर बसून प्रेषित एलियाहू हन्नाबीला गाण्यातून हाक मारायला बोलावलं. तेवढंही जड जातं तुला?

तुला आठवतं, मोठ्या सिनेगॉगचा तो नवा रब्बी आपल्याकडे आला होता? ताटातले पोहे, खोबरं, खजूर, पाच फळं बघून म्हणाला, "हे कुठल्या पुस्तकात आहे? ही तर तिकडच्या लोकांची पूजा झाली." आणि तू, एरवी रब्ब्यापुढे मान खाली घालणारा, म्हणालास, "पुस्तकात नसेल. माझ्या आईच्या हातात आहे." त्याला दोन वाट्या खायलाही घातल्यास. तेव्हा पुस्तकापेक्षा आईचा हात मोठा होता. आता ओरलीच्या वेळी कुठे गेला तो हात?

आणि आईची गोष्ट तर तूच दर वर्षी मुलांना सांगतोस. बासष्ट साली तिच्या हाताला मेंदी लागली होती. लग्न उद्यावर. आणि जेरुसलेमच्या रब्ब्यांकडून निरोप आला की तुम्ही भारतातून आलेले, तुमच्या पणज्यांचे पुरावे आणा, तोवर तुम्ही खरे यहुदी की नाही याचीच आम्हाला शंका आहे. देवाचंच नाव घेऊन सांगितलं होतं ना त्यांनी? त्यांच्याकडेही वचनं होतीच. दोन वर्षं आई मेंदी उतरलेले हात घेऊन बसून राहिली, बाबा जेरुसलेमला धरणं धरून बसले. पण त्या संध्याकाळी, निरोप आल्यावर, सगळे रडत असताना आईच्या मामाने काय केलं? पोहे भिजवलेले होते. तो म्हणाला, "लग्न त्यांच्या हातात असेल. मलिदा माझ्या हातात आहे." आणि बसला ताटाशी. तेव्हापासून आपल्या घरात लग्नाचा मलिदा मामाच म्हणतो. माझ्या लग्नात मामाने म्हटला, तुझ्या लग्नातही त्यानेच. ओरलीला मामा एकच आहे.

इथवर लिहून मी उठले होते. चहा केला, तो गार झाला. आता जे लिहायचं आहे ते टाळायलाच मी लिंबाचा मोहोर आणि सॉलोमनकाकांचा गुडघा लिहिला, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

चार वर्षांपूर्वी ओरलीने मला हिलाबद्दल सांगितलं, की संसार करीन तर तिच्याशीच. बेरशेव्याच्या दवाखान्यातून ड्यूटी संपवून तशीच आली होती, पांढऱ्या कपड्यात. मी तिला जेवायला वाढलं. दुसऱ्या दिवशी तुझ्याकडे आले. तुझ्या पायरीवर बसून म्हणाले, "दादा, माझं ती ऐकणार नाही, देवाचं ऐकेल. शब्बाथला सिनेगॉगात तू पोथी वाचतोस, तेव्हा सगळ्यांसमोर असलं नातं निषिद्ध म्हणणारं ते वचन वाच. तिला उद्देशून काही म्हणू नकोस, पण वर बघ." तू म्हणालास, "सगळ्यांसमोर कशाला? मी तिच्याशी एकटीशी बोलतो." मीच म्हणाले, नाही, सगळ्यांसमोरच. तिला लाज वाटली पाहिजे.

तू वाचलंस. वर बायकांच्या सज्जाकडे बघितलंस. ओरली माझ्या शेजारी बसली होती. तिने माझा हात धरला, आधाराला, आणि मी तो धरू दिला.

घरी येऊन ती रडली. म्हणाली, "मामाने असं का केलं गं?" आणि मी, तिची आई, म्हणाले, "तुझा मामा तसाच आहे. पुस्तकापुढे त्याला माणूस दिसत नाही." चार वर्षं ती तुझ्याशी बोलली नाही. तू एकदाही तिला सांगितलं नाहीस की हे आईने करायला लावलं. तुझ्या खांद्यावर बंदूक ठेवून मी गोळी झाडली, आणि नाव तुझं होऊ दिलं. पुढे हिला घरी यायला लागली, माझ्या हातचा गव्हाच्या चिकाचा हलवा मागून खायला लागली, मी बदलले. बदलणं मला सोपं गेलं, कारण माझ्यावर डाग नव्हता. तू तिथेच अडकलास. एकदा सगळ्यांसमोर वाचलेलं वचन माणूस मागे कसं घेणार?

परवा मी ओरलीला सगळं सांगितलं. ती खोबरं खवत होती. खवणी थांबली. मग म्हणाली, "तू त्याला वाचायला सांगितलंस, हे वाईट केलंस. पण पुस्तक त्याच्या हातात होतं, आई. तो नाही म्हणू शकला असता." आणि उरलेला नारळ खवून गेली. जाताना दार आपटलं नाही. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. काल तिचा एवढाच निरोप आला: "मामा आला तर त्याची खुर्ची माझ्या शेजारी ठेव. नाही आला तर मलिदा रद्द करू नकोस."

म्हणून दादा, मी माफी मागते आणि रागही ठेवते. दोन्ही खरं आहे. मी तुला पुढे केलं, ही माझी चूक. पण आठ माणसांना फोन मी करायला लावले नाहीत. ते तू केलेस.

बुधवारी सहाला पोहे भिजलेले असतील. प्रार्थनेला लागतात ते दहा पुरुष नसतील. हिलाची आई असेल, पोरींच्या मैत्रिणी असतील. तू आलास तर तू म्हण. नाही आलास तर मी म्हणेन. बायका म्हणत नाहीत, ठाऊक आहे मला. पण ते गाणं आईने आपल्या दोघांना एकाच मांडीवर शिकवलं होतं, तुझ्याआधी मला पाठ झालं होतं, आणि तिसऱ्या कडव्याला मी आजही चुकते. दोन गल्ल्यांतून ऐकू येतं. खिडकी लावून घेऊ नकोस. चुकले की तिथून तरी पुढची ओळ सांग.

सज्जात बसून तुला वर बघायला लावणारी,
तुझी बहीण
मिल्का