संताप वर्ज्य

रत्नागिरी, १९३६

चि. आत्माराम,

तुझ्या बायकोची तक्रार करायची आहे. डावी पापणी मिटून राहिली म्हणून मी मुंबईच्या डॉक्टरांना दाखवलं. ते सोबत आलेल्या दमयंतीला म्हणाले, मेंदूतली रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगली आहे, वाढतेय. केव्हा फुटेल सांगता येत नाही, बाईंना संतापू देऊ नका. तेव्हापासून मी अळणी कालवणाला खारट म्हटलं, तरी दमयंती म्हणते, "होय वन्सं, तुमचाच खरा!" जन्मभर वर्ग दटावलेल्या मास्तरीणबाईने हा गोडवा किती सोसायचा?

मी कॉन्व्हेंटातून येऊन तुझं इंग्रजी सुधारायचे, तेव्हा "गप गो मडमे!" म्हणत तू माझ्या पानातली माशाची गाबोळी पळवायचास. केवढे भांडायचो आपण!

हे पत्र टाकत नाही. दमयंतीलाही कळवू दिलेलं नाही. कळलं, तर तूही गोड बोलशील. आगबोटीवरून सुट्टीला येशील, तेव्हा माझ्याशी कडकडून भांड.

तुझी अक्का,
मथुरा